प्रेसच्या दाराचा अडसर

मोहगावचे भगवंतराव घागरे आपल्या मुलीची ओळख करून देताना म्हणत, "ही माही पोरगी. लोखंड तोडाचा पगार घेते." पाहुणा गोंधळला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मग ते सविस्तर सांगायला बसत आणि पाहुण्याची बस हमखास चुकायची.

सांगत होते ते खरंच होतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाहेर कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या एका कारखान्याच्या तपासणी खोलीत उर्वशी घागरे कामाला होती. वय तेहतीस, शिक्षण आयटीआय. तिच्या खोलीत एक उंच मशीन होतं, त्याला वर एक आणि खाली एक असे दोन जबडे. बोटाएवढा धातूचा नमुना दोन्ही जबड्यांत पकडायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. किती जोराला तुटला ते संगणक लिहून घेई. तुटलेलं तोंड कसं दिसतं ते मात्र उर्वशीलाच बघावं लागे, आणि त्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं. दाणेदार तुटलं, चिवट तुटलं, जळकं तुटलं, हे ती खिडकीपाशी नेऊन नुसत्या डोळ्यांनी सांगायची. तिचं लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं. गावातल्या बायका म्हणायच्या, दिवसभर तोडायचाच धंदा, मग घर कसं टिकणार. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? उर्वशी स्कूटी काढून कामावर जाई आणि संध्याकाळी बापासाठी दोन भाकरी थापी. आई जाऊन सात वर्षं झाली होती. घरात बाप-लेक दोघंच.

कारखान्यात नवीन काळातलं एक यंत्र आलं होतं. कामगार त्याला 'थरवाली' म्हणत. काचेच्या बंद खोलीत धातूची भुकटी पिठासारखी बारीक पडायची, लेझरचा किरण ती वितळवायचा आणि थरावर थर चढत जाऊन वस्तू उभी राहायची. साचा नको, घण नको. त्यातली खरी करामत पुढची होती. भुकटीच्या दोन टाक्या होत्या, एकीत चिवट पोलाद, दुसरीत कडक मिश्रधातू. खालचे थर निव्वळ पोलादाचे, मग हळूहळू दुसऱ्या टाकीचा वाटा वाढवत नेला की टोक कडक धातूचं होई. मध्ये कुठे सांधा दिसत नसे. थरवालीवर पांढुर्ण्याचा कुलदीप असायचा. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

अशा तुकड्याचा स्वभाव मात्र सरळ नसतो. उर्वशीला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, तोडून तोडून कळलं होतं. खालचे थर वरच्यांच्या आचेनं पुन्हा पुन्हा तापतात आणि नरमतात. वरचे एकदाच तापून तसेच राहतात. मिश्रण बदलतं तिथं मध्येच एखादी ठिसूळ पट्टी निघते. वीतभर तुकड्यात चार प्रकारचा धातू भेटतो. त्यातून आडवा कापलेला नमुना एका थराच्या आतच राहतो, म्हणून तो बहुतेकदा चांगलाच निघतो. उभा कापलेला सगळे थर ओलांडून येतो, आणि त्यातला सगळ्यात कच्चा थर त्याला तोडतो. म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर त्याच पाटावर साक्षीचा एक ठोकळा उभा केला जाई आणि त्यातून उभे नमुने काढायचे असा नियम होता. तो नियम कारखान्याच्या साहेबांकडून मंजूर करून घेतला होता उर्वशीनंच.

भगवंतराव जिनिंगमध्ये प्रेसचे फिटर होते. पस्तीस वर्षं त्याच प्रेसवर. सरकी काढलेला कापूस लोखंडी पेटीत भरायचा, दांड्यानं दाबायचा, पट्ट्या बांधायच्या आणि दार उघडून गाठ बाहेर घ्यायची. दाबलेला कापूस म्हणजे मऊ वस्तू असं ज्याला वाटतं त्यानं एकदा त्या दारासमोर उभं राहून बघावं. ते दार धरून ठेवणारा मनगटाएवढा जाड अडसर होता आणि दर हंगामात त्याची कटकट व्हायची. साध्या पोलादाचा केला तर टोक महिन्यात झिजून जाई, सगळा कडक केला तर हिसक्याला तडकून जाई. एकदा जेवताना भगवंतराव म्हणाले, बुडाशी चिवट अन् टोकाशी कडक असा अडसर कोणी देईल काय? उर्वशीचा घास हातातच राहिला. असाच तर धातू तिच्याकडे बनत होता.

तिनं साहेबांना सांगितलं. साहेबांनाही अशी एखादी रोजच्या वापरातली वस्तू हवीच होती, बाहेरून येणाऱ्या लोकांना दाखवायला. भगवंतराव स्वतः कारखान्यात येऊन मापं देऊन गेले. पांढरा सदरा घालून आले होते. काचेतून थरवालीकडे अर्धा तास बघत उभे राहिले आणि जाताना कुलदीपला नमस्कार करून गेले. नवरात्र चालू होतं. हंगाम दसऱ्यानंतर लागायचा, तोवर अडसर द्यायचा ठरला.

खंडेनवमीच्या सकाळी अडसर निम्मा झाला होता. मध्यावर, म्हणजे मिश्रण बदलायला नुकतीच सुरुवात झाली होती तिथं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यार चालवत नाहीत, त्याची पूजा करतात. कारखानाही त्याला अपवाद नव्हता. दुपारी सगळी यंत्रं बंद झाली, पुसून झाली, झेंडूच्या माळा चढल्या. पूजेचं ताट उर्वशीच्या हातात होतं, कारण दरवर्षी ते तिच्याकडेच असे. तिनं आपल्या तोडायच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं. थरवालीपाशी आली तेव्हा कुलदीपनं काचेचं दार उघडून दिलं. आत अर्धा अडसर उभा होता. बापाच्या हाताखाली जाणारी वस्तू. तिनं त्याच्या माथ्यावर पाचही बोटांनी हळदकुंकू लावलं, शेजारच्या ठोकळ्याच्या एका कोपऱ्यावरही एक टिळा लावला, त्याला तरी का वगळायचं म्हणून. कुलदीपनं नारळ फोडला आणि त्याचं पाणी दोन्हींवर शिंपडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, साहेबांनी फोटो काढले. त्या क्षणी उर्वशीला फार बरं वाटलं होतं. नंतर तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी कुलदीप आला. थांबलेलं काम पुन्हा सुरू करताना वरचा थर तारेच्या ब्रशनं घासायचा, पुसायचा, गरम करायचा, हे त्याला पाठ होतं. पण पूजेचं कुंकू पुसायला त्याचा हात धजेना. कुंकू पुसणं ही काय चांगली गोष्ट आहे का? लेझरपुढे चिमूटभर कुंकवाची काय कथा, जळून जाईल, असं म्हणून त्यानं वरूनच पुढचा थर सुरू केला. उर्वशी दारातून जाताना तिनं पाहिलं. ब्रश खुंटीलाच होता, हेही पाहिलं. तिच्या मनात शंका आली, आणि ती शंका तिथंच ठेवून ती आपल्या खोलीत गेली.

चार दिवसांनी ठोकळ्यातून तीन उभे नमुने निघाले. पहिला ठीक तुटला. दुसरा ठीक. तिसरा निम्म्या जोरालाच खाट्‌कन गेला. तो टिळ्याच्या कोपऱ्यातला होता. उर्वशीनं तुकडे उचलले आणि खिडकीपाशी नेले. तोंड अर्धं काळपट, त्यात सुईच्या अग्राएवढी भोकं. जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं. पाण्यानं चिकटून सुकलेलं कुंकू त्या थरात जळून गेलं होतं आणि आपली जागा रिकामी ठेवून गेलं होतं. ठोकळ्याला एकच टिळा होता. अडसराला पाच बोटं होती. ही बेरीज करायला तिला काही वेळ लागला नाही.

साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो, घाईत होता. म्हणाला, एखादा नमुना जबड्यात तिरका बसतो, होतं असं. मग त्यानं तिच्याकडे बघून विचारलं, "दुसरं काही कारण आहे का? तुला काय वाटतं?"

त्याला खरंच विचारायचं होतं. कारखान्यात या बाबतीत तिच्याच शब्दाला किंमत होती. आणि उर्वशी त्या घटकेला काय विचार करत होती? कुलदीपची नोकरी जाईल. लोक हसतील, लेझरला हळद लावणारी बाई म्हणून सौंसरभर नाव होईल. बापाला कळेल की त्यांच्या लेकीनं त्यांचाच अडसर नासवला. आणि तिसऱ्या नमुन्याचं काय, कदाचित तिरका बसलाही असेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला साथीदार लागत नाही.

"नाही साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी सांगितलं, आडवा एक काढून बघ. तिनं काढला. आडवाच तो, चांगला निघणारच होता. तिसऱ्याच्या जागी त्याचा आकडा गेला आणि खाली उर्वशीची सही झाली. नमुन्याची दिशा लिहायचा रकाना तिनं मोकळा सोडला. तेवढाच तिचा प्रामाणिकपणा, आणि तो कोणाच्याही लक्षात आला नाही.

अडसर बसला. भगवंतरावांनी जिनिंगमध्ये पेढे वाटले. प्रेसवर पट्ट्या बांधायला सावरगावचा चिंधू होता, बावीस वर्षांपासूनचा त्यांचा जोडीदार. त्याची बायको कलाबाई भगवंतरावांना राखी बांधायची. चिंधू अडसरावर हात फिरवून म्हणाला म्हणे, भाऊ, तुमच्या पोरीनं आपल्यासाठी सोन्याचा दांडा धाडला. हे बापानं घरी येऊन कौतुकानं सांगितलं तेव्हा उर्वशी चुलीकडे तोंड करून बसली होती.

त्यानंतर अडीच महिने ती कशी जगली ते तिचं तिला ठाऊक. रोज संध्याकाळी विचारी, "बाबा, अडसर कसा हाये?" बाप म्हणे, तुह्या अडसराले काय धाड भरली, टोक अजून आरशावानी हाये. टोक चांगलं राहणारच होतं. खोट मध्यावर होती, प्रेसच्या भिंतीतल्या कडीच्या आत, जिथं कोणाची नजर जात नव्हती. ती शनिवारी जामसांवलीला जाऊन यायची आणि तिथंही मारुतीला स्पष्ट काही सांगायची नाही. एकदा तिनं बापाला म्हटलं, जुना अडसर लावून घ्या, हा परत तपासायचा आहे. भगवंतराव हसले, ऐन हंगामात प्रेस बंद ठेवू काय म्हणाले. ती अजून एक वाक्य बोलली असती तर त्यांनी प्रेस बंद ठेवलीही असती. ते एक वाक्य तिच्या गळ्याशी रोज यायचं आणि रोज खाली उतरायचं. दिवस गेला की तिला वाटे, आजचा गेला, म्हणजे उद्याचाही जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मुठीत निखारा असला तर काय करायचं, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता अडसर मध्यातून तुटला. गाठ पूर्ण दाबलेली होती. दार आतून लाथ बसावी तसं उघडलं. चिंधू समोर वाकून पट्टी ओढत होता. त्याला दवाखान्यापर्यंत नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. भगवंतरावांचा उजवा हात दाराच्या आणि चौकटीच्या मधे सापडला. नागपूरला नेलं, पण मनगटापासून पुढचा हात वाचला नाही.

फोन आला तेव्हा उर्वशीच्या मशीनमध्ये एक नमुना ओढला जात होता. ती फोन कानाला लावून तो तुटेपर्यंत उभी राहिली. का उभी राहिली, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

बाराव्या दिवशी भगवंतराव घरी आले. दुपारी पडवीत खाटेवर पडले होते, हाताच्या जागी पट्ट्यांचं बोचकं. उर्वशी त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. हळद, नारळ, खुंटीला लटकलेला ब्रश, तिसरा नमुना, साहेबांचा प्रश्न आणि तिचं उत्तर. एकही गोष्ट तिनं स्वतःच्या बाजूनं वळवली नाही. बापानं शिव्या द्याव्यात, उरलेल्या हातानं मारावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

भगवंतरावांनी डाव्या हातानं पट्ट्यांचं बोचकं छातीवर ओढून घेतलं.

"मी पाह्यला होता तो तुकडा," ते म्हणाले. "मी खाली पडलो होतो, माह्या तोंडासमोरच पडला होता. आतून अर्धा काळा. मले तवाच समजलं."

"मंग तुमी कोनाले बोलले काऊन नाई?"

"कागदावर सही कोनाची हाये?"

उर्वशीची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली.

"चिंधू तं गेला," ते म्हणाले. "आता अजून कोनाले धाडू?"

ती म्हणाली, मी जाऊन सांगते, पोलिसात सांगते. त्यांनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात जड होता आणि तिला त्याखालून उठता आलं नाही.

दोन दिवसांनी पोलीस चौकीतले हेडसाहेब बयान घ्यायला आले. भगवंतराव भिंतीला टेकून बसले आणि विचारायच्या आधीच बोलू लागले. हंगामाची घाई होती, गाठी जास्त काढायच्या होत्या. दाबाचा व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः खुणेपुढे आवळला होता. अडसर चांगला होता, कोणताही अडसर तेवढ्या दाबाला टिकला नसता. चिंधूनं दोनदा टोकलं होतं, भाऊ, दाब जास्त झाला, म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. पस्तीस वर्षांत ज्या माणसानं त्या व्हॉल्व्हला खुणेपलीकडे बोटभर फिरवलं नव्हतं, तो हे सांगत होता आणि हेडसाहेब हिंदीत भराभर लिहून घेत होते.

उर्वशी दारात उभी होती. "साहेब," ती म्हणाली.

हेडसाहेबांनी वर पाहिलं. भगवंतराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "साहेबांसाठी पानी आन."

इथं ती बोलली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती. ती पाणी आणायला गेली. मी तिला माफ करायला बसलेलो नाही, पण दोष देतानाही माझा हात अडखळतो, एवढं सांगतो. परत आली तेव्हा कागद पुरा झाला होता. सही करायचा हात राहिला नव्हता. हेडसाहेबांनी शाईची डबी काढली आणि तिला म्हणाले, ताई, जरा वाचून दाखवा यांना, म्हणजे कायद्यानं झालं. तिनं पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत वाचून दाखवलं. चिंधूनं दोनदा टोकलं, हे वाक्यही वाचलं. मग बापाचा डावा अंगठा तिनं आपल्या हातात धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

अडसराचे दोन तुकडे चौकीत पोत्यात पडून राहिले. गुन्हा कबूल असला की लोखंड कापून बघायची तसदी कोण घेतो? भगवंतरावांवर केस झाली. जिनिंगच्या हजेरीपटातून त्यांचं नाव गेलं. रस्त्यानं जाताना जुने कामगार मान फिरवू लागले, आणि ते त्यांच्यावर रागावत नसत.

फेब्रुवारीत कलाबाई आली. सावरगावहून एकटीच, दोन बस बदलून. ओसरीवर बसली, भगवंतरावांच्या पट्टीकडे पाहिलं आणि उर्वशीनं दिलेला पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"भाऊ, लोक सांगून राह्यले ते मी आयकलं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून आयकाले आली."

भगवंतरावांनी तिच्या डोळ्यात बघून सांगितलं, "माह्याच हातून झालं, कला. त्यानं टोकलं होतं मले."

कलाबाई रडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि उठली. उर्वशी तिला सोडायला बसथांब्यापर्यंत गेली. तिथं कलाबाईनं तिचा हात धरला. तिचा हात गरम होता, तापातला असावा तसा.

"तुह्या बापावर मी जलमभर थुंकीन," ती म्हणाली. "पन त्यानं खोटं नाई सांगतलं. तेवढं तरी बरं झालं वं पोरी. राग कोनावर धराचा ते समजलं. नाईतं मी वेडीच झाली असती."

सौंसरची बस आली. कलाबाई चढली, खिडकीपाशी बसली आणि उर्वशीकडे पाहून तिनं मान हलवली, घरी जा म्हणून.